काविळीच्या खाजेचा शोध

लंडनमधल्या डॉक्टर शीला शेरलॉक आणि त्यांचे सहकारी लॉइड-थॉमस यांनी 1952 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अनुभव मांडला. पित्तनलिका बंद पडून कावीळ झालेल्या आणि खाजेने हैराण झालेल्या रुग्णांना त्यांनी टेस्टोस्टेरॉनच्या कुळातलं औषध दिलं होतं. खाज कमी झाली. रात्र रात्र अंग ओरबाडत बसणारी माणसं झोपू लागली. पण कावीळ उतरली नाही, उलट वाढली. हे औषधच यकृतातून पित्त बाहेर पडण्यात अडथळा आणतं, त्यामुळे डोळे आणि कातडी आधीपेक्षा जास्त पिवळी झाली.

पिवळेपणा वर चढतो आहे आणि खाज खाली उतरते आहे, हे दृश्य तोवरच्या समजुतीला धक्का देणारं होतं. कावीळ झाली की रक्तातलं पिवळं द्रव्य कातडीत साचतं आणि तेच खाजवतं, असं सगळेच धरून चालले होते. रुग्णाला तसंच वाटायचं, घरच्यांना तसंच वाटायचं आणि बऱ्याच डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. आजही बिलिरुबिनचा आकडा हातात पडला की ‘एवढं वाढलंय म्हणून खाजतंय’ असंच म्हटलं जातं. या समजुतीला फार मोठा इतिहास आहे. ती कशी रुजली, कशी मोडली आणि मोडल्यावर थोडीशी परत कशी आली, ही वैद्यकाच्या इतिहासातली एक विलक्षण हकिगत आहे.

पिवळा रंग पहिल्यापासून माणसाच्या डोळ्यांत भरला. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात या रोगाचा पिवळेपणा पोपटांमध्ये आणि इतर पिवळ्या-हिरव्या पक्ष्यांमध्ये जावो, अशी प्रार्थना आहे. त्याच्या जागी रोग्याला तांबड्या गाईंचा तांबडा रंग लाभावा, असंही त्यात मागितलं आहे. रोमन लेखक प्लिनी एका पिवळ्या पक्ष्याची गोष्ट सांगतो: काविळीच्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं की माणूस बरा होतो आणि पक्षी मरतो. दोन्हीकडे विचार एकच आहे. रोग म्हणजे रंग आणि रंग दुसऱ्याच्या अंगावर घालवला की रोग गेला.

चरकाची नजर याहून पुष्कळ पुढची होती. चरकसंहितेत कामला झालेल्या रोग्याचे डोळे, कातडी, नखं आणि तोंड हळदीसारखं झाल्याचं वर्णन आहे. त्याचा वर्ण बेडकासारखा होतो, असंही तिथे म्हटलं आहे. पावसाळ्यात पिवळे जर्द बेडूक पाहिलेल्या कुणालाही ते चटकन पटेल. पण याहून मोलाची नोंद पुढे येते. एका प्रकारच्या कामलेत रोग्याचा मळ वाटलेल्या तिळासारखा पांढरट होतो, कारण कफाने पित्ताची वाट अडलेली असते. मळाला रंग पित्तामुळे येतो आणि पित्त आतड्यात उतरलंच नाही तर मळ पांढरा पडतो, हे शवविच्छेदनाच्या टेबलाविना, निव्वळ निरीक्षणातून हेरलेलं आहे. आजचा सर्जन काविळीच्या रुग्णाला पहिल्या पाच मिनिटांत जो प्रश्न विचारतो, तो हाच.

खाजेचा स्पष्ट विचार सापडतो तो आशिया मायनरमधल्या कॅपाडोशियाच्या अरेटियस या ग्रीक वैद्याकडे, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत. काविळीतली खाज पित्ताच्या टोचणाऱ्या कणांमुळे होते, असं त्याचं मत होतं. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त या चार रसांच्या तोलावर आरोग्य अवलंबून असतं, असं मानणाऱ्या जगात हे उत्तर चपखल बसलं. पित्त पिवळं, कातडी पिवळी, म्हणजे कातडीत पित्त आलं. पित्त तिखट आणि दाहक, म्हणून ते टोचतं. पुढची सतरा-अठरा शतकं या उत्तरात कुणाला फारशी भर घालावीशी वाटली नाही.

आपल्याकडच्या लोकोपचारांतही रंगालाच पहिला मान आहे. महाराष्ट्रात कावीळ ‘उतरवणारी’ माणसं गावोगाव होती आणि आजही आहेत. कुणी रोग्याचे हात चुन्याच्या निवळीत धुतो आणि पाणी पिवळं होतं. कुणी काड्यांच्या तुकड्यांची माळ डोक्यावर ठेवतो. ती दिवसागणिक लांबत जाते, गळ्यात येते, खाली उतरते आणि तिच्याबरोबर कावीळ उतरते असं मानलं जातं. कुणी देवडांगरीच्या फळाचं पाणी नाकात घालतो. मग नाकातून पिवळसर पाणी वाहू लागतं आणि बघणाऱ्यांची खात्री पटते की कावीळ बाहेर पडते आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते यातले दोन प्रकार वर्षानुवर्षं जाहीर करून दाखवत आले आहेत. आंब्याच्या सालीचा रस लावलेले धडधाकट माणसाचे हातही चुन्याच्या निवळीत पिवळं पाणी सोडतात. माळ ओल्या काड्यांची असते. काड्या वाळून आकसल्या की त्यांच्याभोवतीचे सैल फास मोकळे होतात आणि दोरा लांबतो.

तरीही ही माणसं शेकडो रोगी ‘बरे करतात’, कारण आपल्याकडची बरीचशी कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या अ आणि ई प्रकारच्या विषाणूंमुळे होते. ती बहुतेकांच्या अंगातून काही आठवड्यांत आपोआप जाते. माळ लांबायला लागतात तेवढेच दिवस तिला उतरायला लागतात. अशी कावीळ साधी म्हणून सोडून देता येत नाही, हे इथेच सांगायला हवं. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ई प्रकारची कावीळ आईच्या जिवावर बेतू शकते. आणि जिथे पित्ताची वाट खड्याने किंवा गाठीने अडलेली असते, तिथे माळेच्या नादात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. तिथे रोग ओळखून देणारी खूण अनेकदा रंगापेक्षा खाज असते आणि या सगळ्या उपचारांत तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

या पिवळ्या द्रव्याला स्वतःचं नाव मिळालं ते एकोणिसाव्या शतकात. 1826 साली हायडेलबर्गमध्ये टीडेमान आणि ग्मेलिन यांनी पित्तावर नायट्रिक आम्ल घातलं तर हिरवा, निळा, जांभळा, तांबडा अशी रंगांची रांग उमटते, हे दाखवलं. आता काविळीच्या रोग्याच्या लघवीतही पित्ताचा रंग शोधता येऊ लागला. 1847 साली रुडॉल्फ विर्खोला जुन्या रक्तस्रावाच्या जागी तांबूस-पिवळे स्फटिक सापडले. पित्ताच्या रंगद्रव्याशी त्यांचं साम्य होतं, म्हणजे रक्तातूनच पित्ताचा रंग तयार होत असावा, अशी दिशा मिळाली. 1864 साली श्टेडेलरने त्या द्रव्याला बिलिरुबिन म्हटलं.

आज त्याचा प्रवास शाळकरी मुलालाही समजावून सांगता येतो. तांबडी रक्तपेशी साधारण 120 दिवस जगते. ती मोडली की तिच्यातल्या हीमपासून आधी हिरवं बिलिव्हर्डिन आणि मग पिवळं बिलिरुबिन तयार होतं, प्रौढ माणसात रोज सुमारे 250 ते 350 मिलिग्रॅम. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडतं, विरघळण्याजोगं करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. रक्तात त्याचं प्रमाण डेसिलिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. ते 2-3 च्या पुढे गेलं की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. 1916 साली डच वैद्य हैमन्स फान डेन बर्ग आणि म्युलर यांनी त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखण्याची चाचणी दिली. रक्ततपासणीच्या कागदावर ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ असे जे दोन आकडे छापलेले असतात, त्यांचा उगम तिथे आहे. यकृताने जोडलेलं ते डायरेक्ट आणि न जोडलेलं ते इनडायरेक्ट, हा त्यामागचा खुलासा मात्र 1950 च्या दशकात लंडन, अमेरिका आणि चेकोस्लोव्हाकियातल्या संशोधकांनी जवळजवळ एकाच वेळी केला.

मोजता येऊ लागल्यावर जुनी समजूत गळायला लागली.

पॅरिसमध्ये 1901 साली गिल्बेर आणि लेरेबुले यांनी अशा माणसांचं वर्णन केलं, ज्यांचे डोळे आयुष्यभर अधूनमधून पिवळे होतात आणि बाकी काहीच होत नाही. उपास घडला, जागरण झालं, ताप आला की पिवळेपणा वाढतो आणि ओसरतो. गिल्बेर सिंड्रोम नावाची ही गोष्ट फार सामान्य आहे. भारतातही ती घरोघर आहे आणि कित्येकांना ती आरोग्यतपासणीचा कागद हातात आल्यावर पहिल्यांदा कळते. या लोकांना काविळीची खाज नसते. 1952 साली, म्हणजे शेरलॉक यांचा लेख आला त्याच वर्षी, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये क्रिग्लर आणि नज्जर यांनी याहून कितीतरी भयंकर प्रकार नोंदवला. त्यात बाळाच्या यकृताला बिलिरुबिन जोडताच येत नाही. रक्तातला आकडा 20 च्या पुढे, कधी 40 पर्यंत जातो आणि मेंदूला इजा होते. यातल्या सौम्य प्रकाराची माणसं मोठी होतात, कायम पिवळी राहतात, पण त्या पिवळेपणाने ती अंग खाजवत नाहीत. तांबड्या पेशी झपाट्याने मोडणाऱ्या आजारांतही तेच दिसतं. पिवळेपणाच खाजवत असता, तर या सगळ्यांनी अंगाची सालटं काढली असती.

दुसऱ्या बाजूला पिवळेपणाशिवाय खाजणारी माणसं होती, आणि त्यात स्त्रिया फार होत्या. 1851 साली लंडनच्या गाइज रुग्णालयात अ‍ॅडिसन आणि गल यांनी कावीळ आणि कातडीवर चरबीच्या पिवळ्या गाठी असलेल्या रुग्णांचं वर्णन केलं. पुढे फ्रान्समध्ये व्हिक्टर आनो याने, आणि 1950 साली अमेरिकेत एरन्स आणि सहकाऱ्यांनी या आजाराचं चित्र पूर्ण केलं. त्याला प्रायमरी बिलियरी सिर्‍होसिस असं नाव मिळालं. बहुतेक रुग्णांत सिर्‍होसिस झालेलाच नसतो, म्हणून 2015 साली ते बदलून प्रायमरी बिलियरी कोलांजायटिस करण्यात आलं. दहातले नऊ रुग्ण स्त्रिया असतात. यकृतातल्या बारीक पित्तनलिका शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती हळूहळू नष्ट करते. यातल्या कित्येकींना कावीळ दिसण्याच्या आधी कितीतरी वर्षं खाज सुटलेली असते. कातडीवर पुरळ नाही, डोळे पांढरे, बिलिरुबिन ठीक, आणि बाई एका त्वचारोगतज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे जात राहते. तिला मनाचा आजार ठरवलं जातं. ही चूक जगभर झाली आहे आणि अजून होते.

1973 साली अमेरिकेतले यकृततज्ज्ञ रेनल्ड्स यांनी एक साधी खूण टिपली. अशा रुग्णांच्या पाठीचं सगळं कातडं खाजवून काळवंडलेलं आणि जाड झालेलं असतं, पण मधोमध फुलपाखराच्या आकाराचा एक भाग स्वच्छ राहतो. तिथवर हात पोचत नाही. कातडीचं नुकसान कातडीच्या रोगाने झालेलं नाही, ते खाजवण्याने झालं आहे, हे या एका निरीक्षणातून उघड होतं.

गरोदरपणातली खाज हा याच प्रश्नाचा दुसरा पुरावा. जर्मनीत आलफेल्डने 1883 साली गरोदरपणात येणाऱ्या आणि बाळंतपणानंतर जाणाऱ्या काविळीची नोंद केली. 1950 च्या दशकात स्वीडनमध्ये स्वानबोर्ग आणि थोर्लिंग यांनी त्यातली खाज नीट अभ्यासली. शेवटच्या तिमाहीत तळहात आणि तळपाय खाजू लागतात, रात्री खाज असह्य होते आणि बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ती नाहीशी होते. यातल्या बहुतेक स्त्रियांना कावीळ होतच नाही. चिलीमध्ये 1970 च्या दशकात शंभरातल्या जवळपास 15 गरोदर स्त्रियांना हा त्रास आढळला आणि तिथल्या मूळच्या मापुचे समाजात तर त्याहून कितीतरी अधिक. पुढच्या काळात तिथलं प्रमाण बरंच घटलं. स्कँडिनेव्हियात हा त्रास हिवाळ्यात वाढतो. वंश, संप्रेरकं, ऋतू, आहार अशी अनेक कारणं त्यात गुंफलेली असावीत.

मग खाजवतं कोण? संशय वळला पित्ताच्या दुसऱ्या घटकाकडे, पित्ताम्लांकडे. कोलेस्टेरॉलपासून यकृतात तयार होणारी ही आम्लं जेवणातली चरबी पचवायला मदत करतात. काम झाल्यावर ती वाया जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यातली सुमारे 95 टक्के परत शोषली जातात आणि यकृतात येतात, आणि ही फेरी दिवसातून अनेकदा घडते. पित्ताची वाट बंद झाली की तुंबलेल्या मोरीसारखं सगळं मागे साचतं. बिलिरुबिन साचतं तसंच पित्ताम्लंही साचतात. डोळ्यांना दिसतं ते फक्त बिलिरुबिन, कारण रंग त्यालाच आहे. वैद्यकाची दिशाभूल झाली ती इथे: दोन द्रव्यं एकत्र वाढत होती आणि दोष फक्त दिसणाऱ्याच्या माथी येत होता.

1961 साली अमेरिकेत केरी आणि विल्यम्स यांनी, आणि व्हॅन इटली यांच्या गटाने, कोलेस्टिरामाइन नावाची राळ रुग्णांना दिली. ही राळ पोटातून रक्तात जात नाही. ती आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवते आणि मळावाटे घेऊन जाते. खाज कमी झाली. 1963 साली लंडनमध्ये शेरलॉक यांच्याबरोबर काम करणाऱ्या डी. व्ही. दत्ता या भारतीय डॉक्टरने त्यांच्यासह हाच अनुभव ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. दत्ता पुढे चंदिगढच्या पीजीआयमध्ये यकृतरोगांचं काम उभं करणाऱ्यांपैकी एक झाले. शेरलॉक या तर यकृतरोगशास्त्राच्या जननीच म्हणाव्यात अशा. एडिंबरामधून 1941 साली डॉक्टर झालेल्या, 1959 साली रॉयल फ्रीमध्ये प्राध्यापक झालेल्या आणि ब्रिटनमध्ये वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकपदी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचं यकृतावरचं पाठ्यपुस्तक 1955 पासून भारतातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्याही टेबलावर राहिलं आहे. कोलेस्टिरामाइनची वाळूसारखी खरखरीत भुकटी पाण्यात कालवून पिणं कुणालाच आवडत नाही, पण साठ वर्षांनंतरही ती औषधांच्या यादीत टिकून आहे.

आता गुन्हेगार सापडला असं वाटलं. 1967 साली खाजणाऱ्या रुग्णांच्या कातडीवर पित्ताम्लं जास्त असल्याचं शोनफील्ड आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं. 1974 साली ब्रिस्टलमध्ये स्वयंसेवकांच्या कातडीवर फोड आणून त्यांच्या तळाला पित्ताम्लांचे क्षार लावले, तर खाज सुटली. तीन वर्षांनी, 1977 साली, गेंट, ब्लूमर आणि क्लाट्स्किन यांनी कातडीचे नमुने काळजीपूर्वक तपासले आणि खाजणारे व न खाजणारे यांच्या पित्ताम्लांत फरक नसल्याचं दाखवलं. रोजच्या अनुभवातही गाठ सुटत नव्हती. काहींच्या रक्तात पित्ताम्लं प्रचंड आणि खाज नाही. यकृत पार निकामी होत आलं की पित्ताम्लं तशीच राहतात आणि खाज मात्र अनेकदा ओसरते.

याच सुमारास दुसरं दार उघडलं, मेंदूचं. मॉर्फिन पाठीच्या कण्यात टोचल्यावर रुग्णांना खाज सुटते, हे भूलतज्ज्ञांना माहीत होतं. 1988 साली लीड्समध्ये थॉर्नटन आणि लोसोव्स्की यांनी यकृताच्या रुग्णांना अफूविरोधी औषध दिलं. खाज कमी झाली, पण सोबत विचित्र प्रकार घडला. आयुष्यात कधी अफू न घेतलेल्या या माणसांना व्यसन सोडणाऱ्यांसारखा त्रास झाला, पोटात कळा, घाम, अस्वस्थता. शरीरातच तयार होणारी अफूसदृश द्रव्यं यकृताच्या आजारात वाढतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. अमेरिकेत अँथनी जोन्स आणि नोरा बर्गासा यांनी हा धागा पुढे नेला. खाज ही फक्त रुग्णाच्या सांगण्यावर सोडायची नाही म्हणून बर्गासा यांनी नखावर संवेदक बसवून माणूस झोपेतही किती खाजवतो, ते मोजलं. रुग्णाची तक्रार यंत्राने खरी ठरवली, हे त्या कामाचं मोठं ऋण आहे.

त्याच 1988 साली क्षयाचं औषध रिफॅम्पिसिन खाजेवर उपयोगी पडतं, हे कॅनडात गेंट आणि कॅरदर्स यांनी दाखवलं. हे गेंट म्हणजे 1977 चेच. भारतात लघवी केशरी करणारी ही गोळी ठाऊक नाही असा दवाखाना सापडणार नाही. तिचा खाजेशी संबंध का असावा, याचं उत्तर मिळायला आणखी बावीस वर्षं लागली. 2010 साली अॅम्स्टरडॅममध्ये आंद्रेआस क्रेमर, उलरिख बॉयर्स आणि रोनाल्ड ऑउड एल्फरिंक यांच्या गटाला खाजणाऱ्या रुग्णांच्या रक्तात लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल आणि ते तयार करणारं ऑटोटॅक्सिन हे विकर वाढलेलं आढळलं. पुढच्या कामात असंही दिसलं की खाज जितकी तीव्र तितकं ऑटोटॅक्सिन जास्त, आणि रिफॅम्पिसिनने खाज उतरली की तेही उतरतं. बिलिरुबिनचा आणि पित्ताम्लांचा आकडा खाजेशी इतका इमानी कधीच नव्हता.

एव्हाना बिलिरुबिन निर्दोष सुटल्यात जमा होतं. पाठ्यपुस्तकांनी तसं लिहूनही टाकलं होतं. आणि 2019 साली जॉन्स हॉपकिन्समधून, म्हणजे क्रिग्लर-नज्जर यांच्याच संस्थेतून, नवा पुरावा आला. शिनझोंग डोंग हे खाजेच्या मज्जातंतूंवर काम करत होते. सॉलोमन स्नायडर यांनी 1973 साली कँडेस पर्ट यांच्यासह मेंदूतला अफूचा ग्राहक (रिसेप्टर) शोधला होता आणि पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत बिलिरुबिनवरही बरंच काम झालं होतं. या दोघांच्या गटांनी मिळून उंदरांच्या खाजेच्या तंतूंवर बिलिरुबिनला प्रतिसाद देणारा एक ग्राहक शोधला. माणसात तसं काम करणारा ग्राहक म्हणजे एमआरजीपीआरएक्स4. बिलिरुबिन टोचल्यावर उंदीर अंग खाजवायचे. ज्या उंदरांत बिलिरुबिन तयारच होत नव्हतं, ते यकृताला इजा करूनही कमी खाजवायचे. त्याच वर्षी याच गटाने आणि बीजिंगमध्ये युलोंग ली यांच्या गटाने माणसातला तोच ग्राहक पित्ताम्लांनाही प्रतिसाद देतो, हे दाखवलं. बीजिंगच्या गटाला असंही आढळलं की बिलिरुबिनची साथ मिळाली की पित्ताम्लांचा परिणाम वाढतो.

यातून जुनं कोडं बरंच सुटतं. नुसतं बिलिरुबिन वाढलेला गिल्बेरचा माणूस का खाजवत नाही, आणि पित्ताची वाट बंद झालेला पिवळा माणूस का खाजवतो, हे एका चित्रात बसतं. खाजेला एकच कारण नसतं. पित्ताम्लं, बिलिरुबिन, लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल आणि मेंदूतला अफूचा मार्ग यांचा वाटा रुग्णागणिक बदलतो. बाल्टिमोरच्या गटानेही आपल्या निबंधाच्या शीर्षकात एवढाच दावा केला की बिलिरुबिन या खाजेचा एक भाग घडवत असावं. विज्ञानात असा मर्यादेत राहणारा दावा मनापासून आदर वाटावा असा असतो.

या संशोधनाचं मोल लहान मुलांच्या बाबतीत पाहावं. 1969 साली अमेरिकेतल्या आमिश समाजात, जेकब बायलर या पूर्वजाच्या वंशजांत, पित्त वाहतं ठेवणाऱ्या यंत्रणेचा एक जन्मजात आजार नोंदला गेला. त्याचं नाव पडलं बायलर रोग. त्याचं जनुक 1998 साली सापडलं. या मुलांना इतकी खाज असते की ती रक्त येईपर्यंत ओरबाडतात, झोपत नाहीत, वाढत नाहीत. 1988 साली अमेरिकेत व्हिटिंग्टन यांनी पित्ताशयापासून पोटाच्या कातडीपर्यंत आतड्याचा तुकडा जोडून थोडं पित्त बाहेर पिशवीत सोडण्याची शस्त्रक्रिया केली आणि खाज उतरली. आता तेच काम गोळी किंवा थेंब करू पाहत आहेत. 2021 साली अमेरिकेत ओडेव्हिक्सिबॅट आणि मॅरॅलिक्सिबॅट या औषधांना मान्यता मिळाली. ती लहान आतड्याच्या शेवटी पित्ताम्लं परत शोषणारं दार बंद करतात. त्यांची किंमत मात्र सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे आणि ती कमी व्हायलाच हवी.

मोठ्या माणसात पित्ताची वाट खड्याने किंवा स्वादुपिंडाच्या गाठीने अडली असेल तर उपाय वेगळा. 1979-80 च्या सुमारास हॅम्बर्गमध्ये निब सोहेंद्र यांनी दुर्बिणीतून पित्तनलिकेत प्लास्टिकची नळी बसवून वाट मोकळी केली. आज अशी सोय महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत आहे. नळी बसल्यावर खाज अनेकदा एक-दोन दिवसांतच उतरते, पिवळेपणा उतरायला मात्र कितीतरी जास्त दिवस लागतात. शेरलॉक यांना 1952 साली दिसलेला विरोधाभास अशा रुग्णाच्या खाटेपाशी पुन्हा दिसतो: माणूस अजून पिवळाच असतो आणि शांत झोपलेला असतो.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच. अंगावर पुरळ नसताना खाज सुटत असेल, तळहात-तळपाय रात्री जास्त खाजत असतील, लघवी गडद आणि मळ पांढरट होत असेल, तर माळ लांबायची वाट पाहू नका. यकृताची तपासणी करून घ्या आणि बिलिरुबिन बरोबर आलं तरी पित्त तुंबल्यावर वाढणाऱ्या अल्कलाइन फॉस्फेटेजचा आकडाही पाहायला सांगा. घरात गरोदर बाई अशी खाज सांगत असेल, तर ‘गरोदरपणात होतंच’ म्हणून तिला गप्प बसवू नका. तिच्या रक्तातली पित्ताम्लं तपासायला हवीत, कारण लिटरमागे 100 मायक्रोमोलच्या पुढे ती गेली की पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका वाढतो, हे 2019 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिलं आहे.